एवढं एक शिकून घेतो

आमच्या थोरल्या साडूंइतका शिकलेला माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि ज्याचं शिकायचं अजून त्यांच्याइतकं राहिलंय असा तर महाराष्ट्रातही नसेल. त्यांची बायको थोरली, माझी धाकटी, एवढंच आमचं नातं. पण या एका नात्याच्या जोरावर गेली तीस वर्षं त्यांनी माझ्या जिवाला जो घोर लावलाय तो माझ्या पोटच्या पोरालाही जमला नाही. ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि मी सरकारी कचेरीत कारकून होतो. मी आयुष्यात एकच गोष्ट मनापासून शिकलो, ती म्हणजे टायपिंग, आणि त्या एका शिदोरीवर चौतीस वर्षं काढून सुखरूप पेन्शनीत आलो. माझी श्रद्धा तारखेवर. अर्ज मुदतीत गेला पाहिजे, पोच घेतली पाहिजे, मग जगबुडी झाली तरी चालेल. साडूभाऊंच्या लेखी तारीख म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली नक्षी. अशा दोन माणसांना एकाच घरच्या मुली द्याव्यात हे आमच्या सासऱ्यांना कसं सुचलं, देव जाणे.

त्यांच्या संशोधनाचा विषय शेळी. आमच्याकडची ती काळी, लांब कानांची उस्मानाबादी शेळी, जी जुळी देण्याबद्दल पार परदेशापर्यंत नावाजलेली आहे. हल्ली गावोगाव या शेळ्यांना जुळी किती होतात आणि एकच करडू किती वेळा होतं, हे शोधून काढायचं आणि त्यावर पीएच.डी. करायची, असं ठरवून ते पन्नाशी उलटल्यावर कामाला लागले. नऊ वर्षं लागली. तेवढ्यात जिल्ह्याचं नाव बदललं, म्हणून प्रबंधाच्या मथळ्यातलं नाव बदलण्यासाठी मी तीन अर्ज टाईप केले. शेळीचं नाव तेवढं जुनंच राहिलं. या नऊ वर्षांत मी त्यांना ज्या ज्या वेळी विचारलं की लिहायला कधी बसताय, त्या त्या वेळी एकच उत्तर मिळालं. "एवढं एक शिकून घेतो, पाव्हणं, मग बसतोच."

आणि ते खरोखरच शिकत, हीच तर पंचाईत होती. आळशी माणसाला निदान रागावता येतं. एकदा त्यांच्या लक्षात आलं की आपलं संख्याशास्त्र कच्चं आहे. दुसरा कुणी असता तर एखादं पुस्तक आणून चाळलं असतं. हे गृहस्थ आपल्याच कॉलेजात, आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या सहकाऱ्याच्या वर्गात पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागले. हजेरीला "हजर, सर" म्हणून उभे राहत. चाचणी परीक्षेत शेजारच्या पोरानं हळूच उत्तर विचारलं, तर यांनी अख्खा पेपर त्याच्याकडं फिरवला, कारण ज्ञान झाकून ठेवू नये अशी त्यांची शिकवण. त्या तरुण सरांनी नाइलाजानं दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं. साडूभाऊ तासभर व्हरांड्यात उभे होते आणि त्यांना बघून त्यांचे स्वतःचे विद्यार्थी नमस्कार करून पुढं जात होते.

शिकवणारा कोण, कुठला, केवढा, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. ज्याच्याकडून शिकायचं त्याच्या हातात नारळ द्यायचा आणि वाकून पाया पडायचं, हा नेम. आमच्या आळीतला किराणावाला त्यांना नारळ घ्यायला येताना बघितलं की विचारायचा, "सर, आज काय नवीन?" शेळीचं वय दातांवरून ओळखायला ते बाजारातल्या एका खाटकाकडून शिकले. तो बिचारा हातातला सुरा टाकून चार पावलं मागं सरकला होता. ती विद्या आल्यावर वर्षभर ते समोर येईल त्याचे दात बघत. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा मुलीचे वडील हसले की हे पुढं वाकत. शेवटी त्यांनी हसणंच बंद केलं आणि सोयरीक मोडता मोडता वाचली. मुरूमच्या बाजारात सीमेपलीकडून शेळ्यांचे व्यापारी येतात, म्हणून ते कानडी शिकले. पण फक्त प्रश्न शिकले. "ई आडिगे एष्टु वर्ष?" म्हणजे या शेळीचं वय किती, एवढं ते इतकं झोकात विचारत की समोरचा व्यापारी आपला माणूस भेटला म्हणून पाच मिनिटं भडाभडा बोलत सुटे. हे मान डोलवत ऐकत, आणि मग माझ्याकडं वळून म्हणत, "उत्तरं शिकायची राहिलीत ओ पाव्हणं."

त्यांच्या मार्गदर्शक बाई म्हणजे त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती आधी त्यांच्या पाया पडायची आणि मग त्यांना झापायची. "सर, तुम्ही मला अकरावीत बेडूक शिकवला, तो मी अजून विसरले नाही. पण आता कृपा करून नवीन काही शिकू नका. आहे ते लिहा." साडूभाऊ मुकाट मान खाली घालून ऐकत आणि घरी येऊन संगणकाची कुठली तरी नवी भाषा शिकायला बसत. तिच्यात एक स्वल्पविराम चुकला की सगळं गाडं अडतं म्हणे. आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे अक्का, स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आज तरी चाललं का ओ?" आणि आतून आवाज यायचा, "न्हाय. आज कंस उघडा राहिला." अक्का भाकरी थापत थापत म्हणायच्या, "एक कंस मिटंना व्हय तुमच्यानं!"

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं, कारण मुदतवाढ मिळत होती. मग विद्यापीठाचं पत्र आलं, ते मीच फोडलं. ही शेवटची मुदतवाढ. मार्चच्या एकतीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. आणि मे महिन्यात साडूभाऊ निवृत्त होणार. अशी पत्रं मी हजारो बघितली आहेत. त्यांतला 'रद्द' हा शब्द नुसता शब्द नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माणूस जन्मभर शिकत राहिला आणि हातात कागद काहीच नाही, असं व्हायला नको होतं. मी सूत्रं हाती घेतली. अक्कांनी घरचं इंटरनेट बंद करून टाकलं. मी रोज सकाळी आठ वाजता त्यांच्या दारात हजर. ते सांगणार, मी टाईप करणार. प्रबंध इंग्रजीत, मला त्यातलं एक वाक्य कळलं नाही, पण चूकही एक केली नाही. त्यांची चुळबुळ चालायची. "पाव्हणं, नकाशे काढायची एक नवी रीत आलीय, आठ दिवसांत..." मी टाईप करायचं थांबवून नुसता बघायचो. ते पुढचं वाक्य सांगायचे. एकोणीस मार्चला पाच प्रती बांधून आल्या. सोनेरी अक्षरं, निळं कापड. प्रतिज्ञापत्रावर त्यांची एक सही तेवढी राहिली होती, ती दाखल करताना अधिकाऱ्यासमोर करायची होती. बारा दिवस शिल्लक! माझ्या हयातीत साडूभाऊंचं एकही काम बारा दिवस आधी झालं नव्हतं.

पहिली प्रत तुळजापुरात देवीच्या पायाशी ठेवायची, म्हणून आम्ही माझ्या मोटारसायकलवर निघालो. नारळ घेतला होता. वाटेत साडूभाऊ म्हणाले, "सोजरबाईला दावून जाऊ." सोजरबाई म्हणजे रस्त्याकडेच्या वस्तीवर शेळ्या राखणारी म्हातारी. धार काढायला ते तिच्याकडून शिकले होते आणि प्रबंधाच्या आभारात तिचं नाव होतं. तिनं ते निळं पुस्तक पदराला हात पुसून घेतलं, उलटं धरलं, सरळ धरलं आणि विचारलं, "काय लिवलंय यात?"

साडूभाऊंनी खुशीनं सांगितलं. पूर्वी या शेळ्या जुळी द्यायच्या, आता गावोगाव बायांनी सांगितलेले आकडे बघितले तर बहुतेक वेळा एकच करडू होतंय. वाण उतरणीला लागलंय. त्यावर उपाय म्हणून बाहेरचे बोकड आणून नवी पैदास करावी, असं शेवटच्या प्रकरणात सुचवलंय.

सोजरबाई हसायला लागली. हसता हसता तिनं अंगणातलं पालथं डालगं उचललं. ते मोठं वेताचं डालगं मी वस्तीवस्तीवर बघितलं होतं. खाली कोंबड्या असतील अशीच आम्हा दोघांची समजूत होती. त्याखालून दोन करडं टुणकन बाहेर आली. तिसरं शेळीपाशी आधीच उभं होतं.

"सर, बाईमानसाला आकडा इचारला तर ती येक कमीच सांगती," ती म्हणाली. "भरल्या गोठ्याचा आकडा बोलू नी. नजर लागती. कुनी आलं की येखादं झाकून ठिवायचं."

साडूभाऊंचा चेहरा पाहवेना. "मावशी, मला पण कमी सांगितलं?"

"तुमी काय परकं न्हाय ओ. पर तुमच्या वहीत उतरलं म्हंजी समद्या गावानं वाचलं की!"

माझं कारकुनी डोकं चाललं. मी म्हटलं, "मग सोपं आहे. सगळीकडं एकेक मिळवून टाका." साडूभाऊंनी आशेनं म्हातारीकडं बघितलं.

"तसं कसं?" ती म्हणाली. "कुनी येक कमी सांगती, कुनी दोन. येखादी भोळी आसली तर खरं बी सांगती."

साडूभाऊ गोठ्याच्या दारात मातीवर बसले. डोक्यावर हेल्मेट तसंच. नऊ वर्षं, अठरा गावं, चौदा वह्या, आणि त्यांतला कुठला आकडा खरा नि कुठला झाकलेला, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. मी घड्याळात बघत होतो. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. त्यांनी वर मान केली आणि विचारलं, "मग इचारायचं कसं, मावशी?"

"आकडा कशाला इचारता? नावं इचारा. नाव सांगायला कुनाला भ्या वाटतंय?" आणि तिनं सुरू केलं. या शेळीची पहिल्या वेताची, म्हणजे पहिल्या बाळंतपणाची, चांदी आणि टिकली. दुसऱ्या वेताला मोगरी, ढवळा आणि एक लंगडी, ती आठ दिवसांत गेली. तिसऱ्याला गुलब्या आणि सखू. साडूभाऊ खिसे चाचपू लागले. कागद नव्हता. त्यांनी ते निळं पुस्तक उघडलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर नावं लिहायला सुरुवात केली. "अहो, ती दाखल करायची प्रत आहे!" मी ओरडलो. त्यांना ऐकू गेलं नाही. पान भरल्यावर ते उठले, देवीसाठी आणलेला नारळ त्यांनी सोजरबाईच्या हातात दिला आणि तिच्या पाया पडले. आम्ही तुळजापूरला गेलोच नाही.

घरी जे झालं त्याला भांडणच म्हणायला हवं. तीस वर्षांत आम्ही पहिल्यांदा भांडलो. मार्गदर्शक बाई फोनवर म्हणाल्या की घाबरू नका, मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद घाला आणि दाखल करा. सगळेच तसं करतात. मी म्हटलं, "बघा! बाई शहाण्या आहेत."

साडूभाऊ म्हणाले, "आन् शेवटचं प्रकरण? उद्या कुणी ते वाचून बाहेरचे बोकड आणून सोडले, तर या बायांचं हातातलं वाण जाईल. जुळ्या-तिळ्यांवर त्यांचं घर चालतंय. म्या त्यांच्या शेळ्या कमअस्सल ठरवल्या ओ."

"अहो, प्रबंध कोण वाचतंय!" मी म्हटलं. हे मी रागात बोललो, पण मला तसंच वाटत होतं.

"म्या वाचलाय न्हवं," ते म्हणाले.

मग त्यांनी तह मांडला. अजून अकरा दिवस आहेत. अठरा गावं पुन्हा करू. नावं विचारू. जमलं तर नवे आकडे घालून एकतीसलाच दाखल करू. हे जमणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरीही मी मोटारसायकल काढली. अक्कांनी दशम्या बांधून दिल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, सहीचा कागद तुमच्याचपाशी ठिवा."

मार्चअखेरचं आमच्याकडचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना मी काय सांगू? ढोकीच्या बाजूला कारखान्याचा हंगाम संपत आलेला. उसाच्या ट्रॅक्टरांमागं धूळ खात आम्ही सकाळी निघायचो आणि दिवस मावळायला परत. प्रत्येक वस्तीवर मी बाहेर उभा राहून हातातल्या कागदावर गावं खोडत असे आणि आत साडूभाऊ गोठ्यात मांडी घालून बसत. घाई म्हणून नाही. एका बाईनं दहा वर्षांपूर्वी विकलेल्या शेळीचं नाव घेतलं आणि डोळ्यांना पदर लावला. आता हिचं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय उठायचं कसं? पाऊण तास गेला. मला घाम फुटत होता तो उन्हानं नव्हे. एका वस्तीवर मी घायकुतीला येऊन आत डोकावलो आणि सवयीनं बोलून गेलो, "मावशी, एकूण किती झाली?" बाईनं डालगं पायानं जवळ ओढलं, उठून चुलीकडं गेली, ती परत आलीच नाही. साडूभाऊ बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "पाव्हणं, तुमी पण शिका की जरा." मला इतका राग आला की मोटारसायकल सुरू होईना.

पण खरं सांगतो, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मीही ऐकायला लागलो. वह्यांमध्ये जिथं 'एक' लिहिलं होतं तिथं आता सोनी आणि रुपी निघत होत्या. जिथं 'दोन' तिथं कधी तीन, कधी दोनच. वाण कुठंही उतरणीला लागलं नव्हतं. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बघणाऱ्याला वाटावं, याला पदवी मिळाली. आपला प्रबंध आपल्याच हातांनी खोटा ठरवताना इतका खूश झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. आणि रोज रात्री मी अंथरुणावर पडून दिवस मोजत होतो. सहा. पाच. तीन.

तीस तारखेला अठरांपैकी नऊ गावं झाली होती. एकतीसला पहाटेच्या एसटीनं मी त्यांना विद्यापीठात घेऊन गेलो, जुन्या पाच प्रतींसह. सही करणार का, हे मी त्यांना विचारलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की खिडकीसमोर उभं केल्यावर माणूस सही करतो. चौतीस वर्षं बघत आलोय. रांग होती. साडेतीनला आमचा नंबर आला. मी प्रती आणि सहीचा कागद आत सरकवला, आतल्या बाईंनी प्रती तपासल्या. एका प्रतीच्या शेवटच्या पानावरची शेळ्यांची नावं बघून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, परिशिष्ट आहे. त्यांनी ते मान्य केलं, प्रतिज्ञापत्र पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "इथं सही करा."

साडूभाऊंनी चष्मा लावला. मी पेन उघडून हातात दिलं. ते वाचू लागले, आणि मला कळलं की आपण चुकलो. या माणसाला कधीही काही वाचू द्यायला नको होतं. "यातील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे," असं त्यांनी मोठ्यानं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग खिडकीतल्या बाईंना अगदी आदरानं म्हणाले, "ताई, आता माझी माहिती वाढली की ओ."

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

मी त्यांचा दंड धरला. मी कुणाचा दंड धरणारा माणूस नाही. "साडूभाऊ, सही करा. पाया पडतो तुमच्या. उरलेली गावं मागनं करू. पुरवणी जोडू. मी टाईप करून देतो, सगळं करून देतो. पण नऊ वर्षं अशी सोडू नका." माझा आवाज चढला होता. मागची पोरं बघत होती. आम्ही बाजूला झालो आणि तिथल्या बाकावर बसलो. चार वाजले. साडेचार वाजले. त्यांच्या हातात पेन तसंच उघडं होतं. एकदा त्यांनी कागद मांडीवर घेतला, तेव्हा मी खिडकीकडं जायला उठलोही. मग त्यांनी तो नीट घडी करून माझ्या खिशात ठेवला. ते हसत नव्हते. त्यांना ती पदवी हवी होती हो. फार हवी होती. पाचला खिडकीचं दार खाली ओढलं गेलं, आणि त्या आवाजाला ते दचकले.

परतीच्या एसटीत येरमाळ्याला गाडी थांबली, मी दोन चहा आणले. तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणं, चुकलंच एक. नावांपुढं नर का मादी ते लिवायचं राहिलं." मी चहा पीत खिडकीबाहेर बघत राहिलो. घरी अक्का दारातच होत्या. "केली का सही?" "न्हाय." अक्का म्हणाल्या, "बरं. हातपाय धुवा." मग मी निघताना पायरीवर येऊन मला म्हणाल्या, "भाऊजी, लोक डॉक्टरीणबाई म्हनतील आसं वाटलं व्हतं जरासं." एवढं बोलून त्या आत गेल्या. मला तो प्रबंध पेटवून द्यावासा वाटला.

मे महिन्यात निवृत्तीचा समारंभ झाला. कॉलेजनं उत्साहानं निमंत्रणपत्रिका आधीच छापून घेतल्या होत्या, नावाआधी 'डॉ.' लावून. साडूभाऊ पत्रिकांचा गठ्ठा घरी घेऊन आले आणि एकेका पत्रिकेवरचा तो 'डॉ.' काळ्या शाईनं खोडत बसले. निम्म्या मी खोडल्या. समारंभात मार्गदर्शक बाई बोलायला उभ्या राहिल्या, दोन वाक्यं बोलल्या आणि खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मला वाटलं होतं, संपलं. पावसाळ्यात उरलेली नऊ गावं करून ते वह्या माळ्यावर टाकतील आणि आम्ही दोघे सकाळी फिरायला जाऊ. एके दिवशी ते आले आणि माझ्यापुढं एक छापील पान ठेवलं. नव्यानं नोंदणी करायची तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, पहिल्यापासून. साठाव्या वर्षी! मी शेवटची तारीख बघितली. आठ दिवस होते. मी मुकाट चष्मा घेतला आणि अर्ज भरला. मनात हिशेब आलाच: परीक्षा, मग नोंदणी, मग पुन्हा ती वर्षं. तो हिशेब फार लांब जातो, आणि मला भीती वाटते. हा माणूस त्याच्या टोकाला पोहोचायच्या आत काहीतरी होईल आणि मी त्याच्या वह्या सांभाळत मागं राहीन, अशी ती भीती आहे. मी ती त्यांना सांगितलेली नाही.

परीक्षेच्या दिवशी मीच त्यांना केंद्रावर घेऊन गेलो. फाटकापाशी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी, पाठीला पिशव्या, हातात प्रवेशपत्रं. पहारेकऱ्यानं साडूभाऊंकडं एकवार बघितलं आणि म्हणाला, "काका, पालकांनी तिकडं लिंबाखाली थांबायचं." आणि साडूभाऊ खरोखरच लिंबाखाली जाऊन उभे राहिले. कुणी काही सांगितलं की निमूट ऐकायचं, हा स्वभाव. घंटा झाली तरी उभे. मी गाडी लावून आलो तेव्हा हा प्रकार दिसला. मी त्यांना हाताला धरून फाटकाशी नेलं आणि पहारेकऱ्याला सांगितलं, "यांचीच परीक्षा आहे." त्यानं प्रवेशपत्रावरचा फोटो बघितला, पुन्हा चेहरा बघितला आणि फाटक उघडलं. साडूभाऊ घाईघाईनं आत गेले. त्या गर्दीत त्यांचं पांढरं डोकं थोडा वेळ दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं.

मी लिंबाखाली गेलो. कळंबहून मुलीला घेऊन आलेली एक बाई सतरंजी टाकून बसली होती. तिनं विचारलं, "तुमचं कोन हाय आत?"

"आमचे थोरले साडू," मी म्हटलं. मला वाटलं, ती हसेल.

"शिकू द्या की मग," ती म्हणाली आणि सरकून तिनं सतरंजीवर मला जागा दिली. पेपर सुटायला अवकाश होता. मी चपला काढून बसलो.